कडुनिंबाची पाने आणि रत्नद्वीप

एप्रिल उजाडला की राहुरीच्या स्थानकाच्या पायरीवर चपला शोधता शोधता एकच प्रश्न कानी पडतो : "यंदा कुठे?" आमच्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर मामाचे गाव, फार तर अबू किंवा सम्मेदशिखरजी असे येई. आता दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड अशी उत्तरे येतात. सहल कंपनी जैन भोजन देते की नाही, सोबत महाराज आहे की नाही, याची चौकशी होते. (येथे महाराज म्हणजे स्वयंपाकी, स्थानकाच्या पायरीवर हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो.) खाकरे आणि मेथीचे ठेपले किती किलो न्यायचे, हेही तेथेच ठरते. या सगळ्या बोलण्यात माझ्या वाट्याला एक जादा वाक्य येते. मी कथा लिहिते हे गावाला ठाऊक असल्याने कोणी ना कोणी म्हणतेच, "तुम्ही तर जाऊन याच. तुम्हाला नवे विषय मिळतील."

परदेशी जाऊन लेखकाला विषय मिळतात का? हा प्रश्न मी बरीच वर्षे हसण्यावारी नेला. पुढे एका उन्हाळ्यात स्वतः जाण्याची वेळ आली, आणि परतल्यावर जे घडले त्याने मला या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहायला लावले. पण ती हकीकत सांगण्याआधी थोडे मागे जायला हवे. थोडे म्हणजे सुमारे साडेबाराशे वर्षे.

इसवी सन ७७९ मध्ये उद्द्योतनसूरी या जैन आचार्यांनी राजस्थानातील जालोर येथे 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह या पाच विकारांनी ग्रासलेल्या पाच जीवांची ती जन्मोजन्मीची कथा आहे. त्यातील लोभाचा प्रतिनिधी लोभदेव हा तक्षशिलेकडचा तरुण. घोडे विकत विकत तो आपल्या सोपाऱ्याला येतो. आपल्या म्हणजे खरोखरच आपल्या, आजच्या वसई-विरारजवळच्या नालासोपाऱ्याला; त्या काळी ते शूर्पारक नावाचे नांदते बंदर होते. तेथे देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचा मेळावा भरतो. गंध, तांबूल, पुष्पमाला देऊन पाहुण्यांचे स्वागत होते आणि मग एकेक जण आपण कोठे गेलो, काय नेले आणि काय आणले ते सांगतो. कोणी सुवर्णद्वीपाला पळसाची फुले नेऊन सोने आणलेले असते. कोणी चीन-महाचीनला जाऊन रेशमी वस्त्रे आणलेली असतात. शेवटी एक जण सांगतो की मी रत्नद्वीपाला कडुनिंबाची पाने घेऊन गेलो आणि त्यांच्या बदल्यात रत्ने घेऊन आलो.

हे वाचताना मी थबकले होते. आमच्या राहुरीत कडुनिंबाला काय तोटा? बांधावर, शाळेच्या आवारात, बाजारतळावर तो आहेच. गुढीपाडव्याला चार पाने तोंडात टाकली की वर्षभर त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. मात्र तो जेथे उगवत नाही, तेथे तोच रत्नांच्या तोलाचा होतो. उद्द्योतनसूरींना यातून लोभाची कथा सांगायची होती, हे उघड आहे. मला मात्र त्या एका व्यापाऱ्याच्या बोलण्यात लेखकाच्या प्रवासाचे सारे मर्म सापडले असे वाटते. वस्तूचे मोल जागा बदलली की बदलते, आणि ते बदलताना पाहण्यासाठी कोणीतरी समुद्र ओलांडावा लागतो.

कथेचा पुढचा भागही लेखकाने विसरू नये असा आहे. रत्नांच्या आशेने लोभदेव भद्रश्रेष्ठी या मित्राबरोबर रत्नद्वीपाला जातो, अपार संपत्ती मिळवतो, आणि परतीच्या वाटेवर वाटणी नको म्हणून त्याच मित्राला समुद्रात ढकलून देतो. या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे.

परदेशवारीने कथालेखकाला संजीवनी दिल्याचे जगातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अगाथा ख्रिस्ती. मराठी वाचकांना त्यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९२८ चे वर्ष त्यांना फार जड गेले. आईचा मृत्यू, पतीपासूनची ताटातूट, मग घटस्फोट, आणि पैशासाठी ओढूनताणून केलेले लेखन यांतून त्या नुकत्याच गेल्या होत्या. मन रमवण्यासाठी त्यांनी वेस्ट इंडीजचे तिकीट काढले होते. निघण्यास दोन दिवस उरले असता एका भोजनप्रसंगी बगदादहून आलेल्या नौदल अधिकाऱ्याची आणि त्याच्या पत्नीची गाठ पडली. गप्पांतून कळले की बगदादला आगगाडीनेही जाता येते. दुसऱ्याच दिवशी ख्रिस्तीबाईंनी तिकीट बदलले आणि ओरिएंट एक्सप्रेसने त्या एकट्याच निघाल्या. त्या प्रवासात त्यांनी ऊर येथील उत्खनन पाहिले. १९३० मध्ये त्या तेथे पुन्हा गेल्या, तेव्हा पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवान भेटले आणि त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' मात्र आली १९३४ मध्ये, आणि 'डेथ ऑन द नाईल' १९३७ मध्ये. पहिला प्रवास आणि ती आगगाडीवरची कादंबरी यांच्यामध्ये पाच-सहा वर्षे गेली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रवास ताबडतोब कथा देत नाही. तो आधी माणसाला माणसात आणतो. कथा मागाहून येते.

आता आपल्याकडे वळू. मराठी नवकथेच्या चार प्रवर्तकांपैकी एक, अरविंद गोखले, यांचे आणि राहुरीचे एक दूरचे नाते आहे. ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात वीस वर्षे वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करीत होते, आणि तेच महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली पुढे आले. तोवर गोखले तेथून निवृत्त झालेले होते, तेव्हा हे नाते ओढूनताणून जोडलेले आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. सांगायचे ते इतकेच की हे कृषिशास्त्रज्ञ कथाकार उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले, आणि 'अमेरिकेस पाहावे जाऊन' या प्रवासवर्णनात त्यांनी ते जग मांडले. त्यांचे समकालीन गंगाधर गाडगीळ यांनीही परदेशवारीचे अनुभव 'साता समुद्रापलीकडे' मध्ये लिहिले. दोघेही जातिवंत कथाकार. पण परदेशात जे पाहिले ते सांगण्यासाठी दोघांनी वेगळे पुस्तक लिहिले. गोखले म्हटले की वाचकाला आठवते ती 'मंजुळा'सारखी कथा.

प्रवासवर्णन आणि कथा यांत हा भेद आहे. जे दिसले ते प्रवासवर्णनात येते, तर ज्याने आपली दृष्टी बदलली ते कथेत येते, आणि तेही बहुधा नाव-गाव बदलून. दिवाळी अंकांत दरवर्षी परदेशी सहलींवरचे लेख येतात. त्यांतील पुष्कळसे वाचताना छायाचित्रांखालच्या ओळी वाचत आहोत असे वाटते, हे एक लेखिका म्हणून संकोचानेच लिहिते. कारण तसा एक लेख माझ्याही नावावर आहे.

याबाबत माझ्या मनात सर्वांत मोठे स्थान गौरी देशपांडे यांना आहे. इरावती कर्वे यांच्या या कन्येने वेळोवेळी परदेशांत मुक्काम केला, आणि त्यांच्या कादंबरिकांतील स्त्रिया जगभर वावरताना दिसतात. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'तेरुओ' तर जपानात घडते. त्या स्त्रियांचे विचार सर्वांना पटतील असे नाही. आपल्या समाजातील ज्येष्ठांना तर कित्येक प्रसंगी ते रुचणारच नाहीत. तरी परक्या भूमीवर उभी राहून स्वतःच्या संसाराकडे, स्वतःच्या भाषेकडे पाहणारी मराठी स्त्री त्यांनी ज्या प्रांजळपणे रेखाटली, तशी त्यापूर्वी क्वचितच कोणी रेखाटली असेल. एवढे जग पाहिलेल्या या लेखिकेने पुढे फलटणजवळच्या विंचुर्णी या खेड्यात घर केले. १९९६ साली आलेल्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'विंचुर्णीचे धडे'. जग पाहून आलेली बाई खेड्याकडून धडे घेते, यात मला विरोधाभास दिसत नाही. ती जग पाहून आली नसती तर विंचुर्णीत तिला शिकण्यासारखे इतके दिसले असते का, हा माझा प्रश्न आहे.

उलट बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आयुष्य घालवलेल्या जी. ए. कुलकर्णी यांनी 'यात्रिक' मध्ये थेट डॉन क्विक्झोटला मराठी कथेत आणून उभे केले. त्यासाठी त्यांना स्पेनचा व्हिसा लागला नाही. तेव्हा पासपोर्टवाचून लेखक घडत नाही, असे कोणी समजू नये. कर्ज काढून परदेशी जाण्याचे तर काहीच कारण नाही.

आता माझी हकीकत. कन्या आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टर येथे असतात. दोन वर्षे माझ्या हातून एकही कथा पुरी झाली नव्हती. दुकानाचा हिशेब, घरातील आजारपणे, पाहुणे. कारणे सर्वांना असतात तीच. मुलगी म्हणाली, "आई, पाच आठवडे ये. काही लिहू नकोस, नुसती ये." मन होत होते, पण सासूबाईंना विचारल्यावाचून पाऊल उचलणे मला जमणारे नव्हते. श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे दिशाव्रत त्यांनी पन्नाशीतच घेतलेले. ऊर्ध्व, अधो आणि तिर्यक् दिशांना आपण किती अंतरापलीकडे जाणार नाही याची मर्यादा ठरवायची, असे ते व्रत. माणूस जितका दूर जातो तितका त्याचा आरंभ-परिग्रह वाढतो, ही त्यामागची दृष्टी. सासूबाईंची मर्यादा भारतभूमीपुरती. नातीच्या घरी त्या कधीच जाणार नव्हत्या आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

आपल्या परंपरेत समुद्र वर्ज्य होता असे नव्हे. 'उपासकदशा' सूत्रातील आनंद श्रावकाने परिमाण करताना आपल्या नौकांचीही संख्या ठरवली होती, म्हणजे नौका होत्याच. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले ते आचार्य विजयानंदसूरींच्या वतीने. त्या परदेशगमनावरून समाजात वादळ उठले, तेव्हा आचार्यांनी त्यांची पाठराखण केली. हे सारे मी सासूबाईंपुढे मांडले. त्यांनी माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "माझी मर्यादा माझी. तुझी तू ठरव. पण काय आणायला चाललीस तेवढं मला सांग." मला उत्तर देता आले नाही.

लेस्टरला जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. राहुरीत चौविहारासाठी धावपळ करणारी मी तेथे निवांत साडेआठला जेवत असे आणि जावई म्हणत, "इथला सूर्यच श्रावक आहे." दुपारी मी एकटीच बसने फिरे. कोणी भाभी म्हणून हाक मारणारे नव्हते, कोणाला उधारी मागायची नव्हती. पहिल्या आठवड्यात केवळ झोपले. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी बसमध्ये मागच्या आसनावरून आवाज आला, "अगं, सांडेल ना!" कोणी मराठी आई आपल्या लेकीला दटावत होती. दिवसभर मराठी कानी न पडल्याने ते तीन शब्द मला काचेसारखे स्वच्छ ऐकू आले. राहुरीत मी पहाटेपासून मराठी ऐकते आणि त्यातले काहीच ऐकत नाही, हे त्या क्षणी ध्यानात आले. ताजेपणा म्हणतात तो मला याच रूपात भेटला, डोंगर-सरोवरांत नव्हे. बारा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीत तो भेटला असता असे मला वाटत नाही. एका ठिकाणी कंटाळा येईपर्यंत राहावे लागते.

लेस्टरचे जैन मंदिर पाहण्याजोगे आहे. पूर्वी ते चर्च होते. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सर्वांना एकाच छपराखाली जागा आहे. आपल्याकडे एका गल्लीत जे साधत नाही ते तेथे साधले, कारण परक्या देशात माणसे थोडी होती. तेथेच एका वृद्ध गुजराती बांची ओळख झाली. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा घरदार टाकून आलेल्यांपैकी त्या एक. लेस्टरच्या नगरपालिकेने तर तेव्हा युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्या शहरात येऊ नका' असे कळवले होते. तरीही हजारो आले आणि त्यांनीच हे शहर पुढे वाढवले. बा तीन दुपारी माझ्याशी बोलल्या. त्यांची गुजराती आणि माझी मारवाडी यांचे छान जमले. त्यांनी जे सांगितले ते ऐकताना माझ्यातील कथालेखिका खडबडून जागी झाली. विषय मिळाला होता! गावकरी म्हणत होते तसा, आयता, रत्नासारखा.

चौथ्या दुपारी मी विचारले, "बा, हे मी लिहू?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. हे मी तुला सांगितलं, दिलं नाही."

अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. लहानपणापासून प्रतिक्रमणात हा शब्द म्हणत आले होते. त्याचा अर्थ पैसा-अडका, फार तर मापात मारलेले धान्य एवढाच माझ्या मनात होता. दुसऱ्याचे दुःखही न दिलेले असू शकते, हे त्या दिवशी उमगले. नावे बदलली असती, शहर बदलले असते, तर कोणाला कळले असते? लोभदेवालाही समुद्रात कोणी पाहत नव्हते. बांची कथा मी लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. येथेही जितके लिहिले त्यापलीकडे त्यांचे काही नाही, आणि एवढे सांगण्याची अनुमती मी त्यांच्याकडून मागून घेतली आहे.

रिकाम्या हाताने परतले. सासूबाईंनी विचारले, "काय आणलंस?" मी चॉकलेटचा डबा पुढे केला. "हे नव्हे," त्या म्हणाल्या.

जुलैत पाऊस लांबला होता. आमच्याकडे एक मावशी तीस वर्षे भाजी घेऊन येतात. त्या धरणग्रस्त आहेत, हे मला ठाऊक होते. पण धरणग्रस्त हा शब्द राहुरीत आडनावासारखा वापरला जातो, त्यामागे काय आहे हे कोणी विचारत नाही. बारागाव नांदूरचे मुळा धरण सव्वीस हजार दशलक्ष घनफुटांचे. त्याच्या पाण्यावर आमच्या तालुक्याचा ऊस उभा राहिला, बाजारपेठ वाढली आणि खरे बोलायचे तर आमचे दुकानही वाढले. त्या सकाळी मावशी टोपली उतरवत असताना मला एकदम बा आठवल्या. तोच काळ, सत्तरच्या दशकाचा आरंभ. तिकडे कंपालातून माणसे निघाली होती. इकडे, बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे, मुळेच्या काठची माणसे गावे सोडत होती. कंपालाची हकीकत ऐकायला मी सात हजार किलोमीटर गेले. ही हकीकत तीस वर्षे माझ्या ओट्यावर बसून चहा पीत होती.

"मावशी, तुमचं मूळ गाव कुठलं?" मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. "आज कसं काय इचारलं भाभी?" मग बसल्या. त्या दिवशी भाजी विकायची राहिली. सासूबाईही माळ घेऊन शेजारी येऊन बसल्या. उन्हाळ्यात पाणी उतरले की आम्ही जुनी जागा बघायला जातो, नातवंडांना चूल कुठे होती ते दाखवतो, असे मावशी म्हणाल्या. यावेळी मी आधीच विचारले, लिहू का म्हणून. "लिहा की," त्या म्हणाल्या, "पण माझ्या सासूला रडकी दाखवू नका. ती रडली नव्हती."

कथा ऑगस्टमध्ये पुरी झाली, दोन वर्षांनंतर पहिली. तीत इंग्लंडचे नावही नाही. दिवाळी अंकात ती आली तेव्हा मावशींच्या नातीने ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. वाचन संपल्यावर त्यांनी मावशींना आपल्या हाताने चहा दिला. मावशींनी मात्र एक चूक काढली. गाव सोडताना त्यांच्या घरची बैलगाडी एकच होती, मी दोन लिहिल्या आहेत. पुस्तक निघेल तेव्हा दुरुस्त करीन, असे मी त्यांना कबूल केले आहे.